तिच्या सॅकमधले एकवीस अनारसे

भीती हा माझा जुना आजार आहे. लिफ्टमध्ये एकटीनं चढायची भीती, बँकेत फॉर्म भरायची भीती, अनोळखी नंबरावरून फोन आला तर उचलायची भीती. नवरा म्हणतो, "तुझ्या अंगात रक्त कमी अन् भेव जास्त." त्यामुळे गेल्या वर्षीच्या त्या एका दिवसाबद्दल लिहायला बसले तरी तळहाताला घाम सुटतो. पण लिहायचंच आहे. कारण मला लिहायला जिनं लावलं, तिच्याच निरोपाचा तो दिवस होता, आणि त्या दिवशी तिला तुरुंगात धाडायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं.

मी यवतमाळकडची. शाळा सहावीपर्यंत झाली. सातवीचा वर्ग नाल्यापलीकडच्या गावात होता आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लग्नानंतर नवऱ्याला इकडे कंपनीत काम मिळालं म्हणून आम्ही पुण्यात आलो. वारज्यात एक खोली घेतली. तिथून बसनं मी पेठेतल्या एका काकूंकडे स्वयंपाकाला जाते. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी असते. मुलगी वर्षभर राहते, माझ्या हातचं दोन वेळा जेवते आणि जाते. माझ्या डोळ्यांदेखत अशा तीन मुली आल्या नि गेल्या. त्यांची नावंसुद्धा मला नीट म्हणता यायची नाहीत.

चौथी पोलंडहून आली, मराठी शिकायला. बावीस-तेवीस वर्षांची असेल. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं मला विचारलं, "आपण कशा आहात?" मी मागे वळून पाहिलं. वाटलं, काकू आल्या असतील. मला आजवर कुणी 'आपण' म्हटलेलं नव्हतं.

तिला कॉलेजातून रोज दहा ओळी मराठीत लिहून न्याव्या लागायच्या. मी पोळ्या लाटायचे, ती ओट्याच्या कोपऱ्यावर वही ठेवून लिहायची आणि मग मला वाचून दाखवायची.

"मावशी, बरोबर आहे का?"

"मला काय विचारते पोरी? मी सहावी. काकूंना विचार."

"आजी फार लाल पेन वापरतात," ती हळूच म्हणाली. काकूंना ती आजी म्हणायची.

एक दिवस तिनं माझ्यासाठी एक वही आणली. म्हणाली, तुम्ही पण दहा ओळी लिहा, म्हणजे मी एकटी नाही. माझ्या पहिल्या दहा ओळींना चार दिवस लागले. 'आज काय भाजी केली' एवढाच विषय, पण जोडाक्षर आलं की हात अडायचा. ती शेजारी बसून थांबायची. हसायची नाही, घाईही करायची नाही. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वा! म्हणजे आता माझ्या पोळ्या करपणार आणि मराठी साहित्य वाढणार." पण संध्याकाळी जाताना त्यांनी आपलं एक निळं पेन माझ्या पिशवीत टाकलं. लाल नव्हे, निळं. काकूंचं सगळं असंच असतं. तोंडातून एक निघतं आणि हातून दुसरं होतं.

असं ते वर्ष गेलं. दिवाळीला मी काकूंकडे अनारसे केले. तिनं पहिला तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तिच्या दहाच्या दहा ओळी अनारशावर होत्या. वरची जाळी, तूप, दाताखाली कुडकुडणारी खसखस, सगळं लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी होती : 'माझ्या आईला हे माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.' ती ओळ माझ्या मनात रुतून बसली.

मे महिन्यात तिचं जायचं ठरलं. मुंबईहून विमान, मग दुबईत एक दिवस मैत्रिणीकडे मुक्काम, मग घर. जायच्या आधी दोन आठवडे ती रोज वजनकाट्यावर पुस्तकं ठेवून बघायची, काढायची, परत ठेवायची. मला हात जोडून म्हणाली, "मावशी, माझी एक विनंती आहे. मला खायला काही देऊ नका. सॅकमध्ये सात किलोच्या वर चालत नाही."

काकूंनी त्यावर शिक्का मारला. "ऐकलंत ना? लोणचं नको, पापड नको, लाडू नको. वाटेत परक्या देशात उतरणारे ती. काही म्हणजे काही नको."

"हो," मी म्हटलं.

हो म्हटलं, पण त्याच संध्याकाळी घरी येऊन तांदूळ भिजत घातले.

आता हे का केलं ते सांगते. आमच्या घरची एक रीत आहे. लेक लांब जायला निघाली की आई तिच्या सामानात अगदी तळाशी काहीतरी गोड ठेवते, तिला न सांगता. माझ्या लग्नात माझ्या पेटीत, साडीच्या घडीत करंज्या होत्या. सासरी चौथ्या दिवशी मला त्या सापडल्या. त्यातल्या दोन मोडल्या होत्या आणि साडीला तेलाचा डाग पडला होता. मी तो डाग धुतला नाही. माझी आई म्हणायची, सांगून दिलं की लेक 'नको नको' करते, मग तिच्यापाशी काहीच उरत नाही. ही मुलगी माझी लेक नव्हती, मला कळत होतं. पण जिच्यामुळे माझा हात कागदावर चालायला लागला तिला रिकामं पाठवायचं, हे काही माझ्याच्यानं होणार नव्हतं.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग कापडावर पसरून दमटसर असतानाच दळायचे, चाळायचे, किसलेला गूळ घालून गोळा मळायचा आणि तो डब्यात मुरत ठेवायचा. आमच्या त्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नाही, त्यात पलंगावर तांदूळ पसरलेले. नवरा ड्युटीवरून आला आणि दारातच थबकला.

"काहून, भर उन्हायात दिवाळी करून राहिली का?"

"ती चालली ना."

"मंग तिले सांगितलं का?"

"नाही."

"अन् बाईले?"

मी पलंगावरचे तांदूळ हातानं पसरत राहिले. तो तांदळाच्या कडेनं अंग चोरून झोपला.

गूळ मी मंडईजवळून आणला आणि खसखस काकूंच्या घराखालच्या दुकानातून. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तळायला बसले. अनारसा खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. आच जरा वाढली की सगळा विरघळून तुपात पसरतो. त्या दिवशी एकही पसरला नाही. एकवीस झाले. मी खुशीत होते. अंगात जरा कमी खुशी असती तर बरं झालं असतं, असं नंतर खूपदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला टॅक्सी येणार होती. ती अंघोळीला गेल्यावर मी स्टीलचा डबा तिच्या निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी, पुस्तकांच्या बाजूला सरकवला. वर तिचे कपडे होते तसे ठेवले. छाती अशी धडधडत होती की चोरी करतेय की देतेय, तेच कळेना.

त्यामुळे निरोपाची वेळ आली तेव्हा माझं सगळं लक्ष त्या सॅककडे होतं. काकूंनी तिच्या हातावर दही ठेवलं. ती काकूंच्या पाया पडली. मग माझ्यापाशी आली. तिनं इथं वापरलेला तिचा फोन, सिमकार्डासकट, माझ्या हातात दिला. "हा तुमच्यासाठी. माझा पोलंडचा दुसरा आहे. यात मराठी टाइप करायला सोपं आहे. दहा ओळी यात लिहा आणि मला पाठवा. माझा तिकडचा नंबर यात आहे." आणि तिनं मला मिठी मारली.

मी लाकडासारखी उभी. तिची सॅक माझ्या हाताला लागत होती आणि मला वाटत होतं, आता डबा वाजेल. आता ती विचारेल, हे काय? मी तिला जवळजवळ ढकललंच. "जा, जा. उशीर होईल. घाटात गर्दी असते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला आणखी काही बोलायचं होतं. तिनं ते पाठ केलं असावं, कारण ओठ हलत होते. पण मी पुन्हा "जा, जा" म्हटलं आणि ती गेली.

काकू म्हणाल्या, "वर्षभर लळा लावून शेवटी हाकलून दिलंत की हो."

मी भाजी चिरायला घेतली.

अकराच्या सुमारास काकूंनी मला खाली दुकानात तूरडाळ आणायला पाठवलं. दुकानदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. गिऱ्हाईक म्हणजे आपल्या कामात आलेला अडथळा, असा त्यांचा चेहरा असतो. पण त्या दिवशी माझ्या पोटात गुपित मावत नव्हतं. काकूंना सांगता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "तुमच्याकडची खसखस छान निघाली. अनारसे केले. आमची ती परदेशी मुलगी गेली ना आज, तिच्या सॅकमध्ये घातले."

"सरळ घरी चालली का?" त्यांनी डाळ जोखता जोखता विचारलं.

"नाही, दुबईला एक दिवस उतरणार."

त्यांचा हात थांबला. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"खसखस घेऊन? दुबईला?"

"हो. का हो?"

"अहो बाई, खसखस कशाची असते माहितेय का? अफूच्या बोंडाची. तिकडे बंदी आहे तिच्यावर. आखातात जाणाऱ्यांचा मसाला मी वेगळा दळून देतो, खसखस वगळून. एक दाणा सापडला तरी पोलिसात देतात. तुम्ही मुलीला पोचवताय की अडकवताय?"

माझ्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. मी म्हटलं, "मग विकत घेताना का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुम्ही सांगितलंत का, कुठं जाणारे ते? मी दुकान चालवतो, पत्रिका बघत नाही." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "फोन करा. आधी फोन करा तिला. अजून मुंबईला पोचली नसेल."

डाळ तिथंच ठेवून मी जिन्याकडे धावले. पहिल्याच पायरीवर माझ्या फोनवरून तिला फोन लावला. वाजला. आणि दुसरी घंटा माझ्याच काखेतल्या पिशवीतून ऐकू आली.

तिचा नंबर म्हणजे आता माझाच नंबर होता. सकाळी तिनं दिलेला फोन पिशवीत वाजत होता आणि त्यावर माझंच नाव दिसत होतं, 'मावशी'. मी जिन्यात मटकन बसले. ती आता खिडकीतून बाहेर बघत निवांत चालली असेल, पायाशी सॅक असेल, आणि त्या सॅकमध्ये मी काय ठेवलंय हे तिला माहीतच नाही. पकडलं तर ती काय सांगणार? माझं नाही म्हणेल. सगळेच तसं म्हणतात. कुणाचं आहे विचारलं, तर माझं नाव तिच्या मनातसुद्धा येणार नाही. येईल तरी कसं? ती मला चांगली बाई समजते.

वर जाऊन काकूंना सांगण्याशिवाय इलाज नव्हता. टॅक्सीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होता. त्या दोन मजल्यांत माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. काम जाईल, हे आलं. काकू पेठेत सगळ्यांना सांगतील, हे आलं. न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही, हेसुद्धा आलं. इतक्या बॅगा जातात, कोण बघतंय तळाशी? दारापाशी मी एक मिनिटभर तशीच उभी राहिले. त्या एका मिनिटाबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता ती हे वाचेल.

मग बेल वाजवली आणि दार उघडताच एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या. "किती आहेत?"

"एकवीस."

"मी काय सांगितलं होतं?"

"काही म्हणजे काही नको."

"पाठ आहे वाटतं," काकू म्हणाल्या आणि टॅक्सीवाल्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. नाही. घाटात असेल, किंवा गाडी चालवताना उचलत नसेल. एरवी असा ड्रायव्हर भेटला तर काकूंनी त्याचं कौतुक केलं असतं.

"तिच्या तिकडच्या फोनवर मेसेज टाका," त्या म्हणाल्या. "इथं त्यावर फोन लागत नाही, नेटही नाही, पण विमानतळावर वायफाय मिळेल. तेव्हा बघेल."

मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"मला काय देताय? डबा तुम्ही ठेवलात. तुम्हीच लिहा."

तिला मी पाठवलेलं ते पहिलं लिखाण. दहा ओळी नव्हत्याच. 'पोरी सॅकच्या तळाला स्वेटरमध्ये डबा आहे मी ठेवला त्यात खसखस आहे दुबईला चालत नाही लगेच काढून टाक माझी चूक झाली.' कुठं थांबायचं ती चिन्हंही टाकली नाहीत. 'खसखस' तीनदा खोडून लिहिलं. मेसेज गेला, पण पुढे एकच खूण उमटली. पोचला नव्हता.

दीड वाजता टॅक्सीवाल्याचा फोन आला. "मॅडम, ताईंना सोडलं पाऊण तास झाला. आत गेल्या. मी परत निघालो. काय झालं?" काकूंनी "काही नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या असं कधी बोलत नाहीत. काही नाही म्हणजे नक्की काय, असं त्याच दुसऱ्याला विचारतात. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्यात.

विमान साडेपाचला होतं. आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसलो, मध्ये तो फोन. जेवण कुणाला आठवलं नाही.

सव्वादोनला फोन टिणकला. मी झडप घातली. तिचा मेसेज नव्हता. इंग्रजी अक्षरं आणि सहा आकडे.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "विमानतळावरच्या वायफायचा नंबर आहे हा. सवयीनं आपला जुनाच फोन नंबर टाकलाय तिनं तिथं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे हे आकडे तिच्याकडे जाईपर्यंत तिला नेट नाही. आणि नेट मिळेपर्यंत तुमचा मेसेज तिला नाही."

दोन मिनिटांनी पुन्हा टिणकला. दुसरे सहा आकडे. ती तिथं उभी आहे, फोनकडे बघत वाट पाहतेय, हे आम्हाला इथं दिसत होतं. हाक मात्र मारता येत नव्हती. गावाला विहिरीत बादली पडली की वरून दिसते, हात पोचत नाही, तसं झालं. तिसऱ्यांदा आकडे आले नाहीत. तिनं नाद सोडला, असं वाटलं.

मग फोन वाजला. अनोळखी नंबर.

मी नुसती बघत राहिले. सवय! इतक्या वर्षांची सवय.

"अहो, उचला!" काकू ओरडल्या. त्या दिवसातलं त्यांचं ओरडणं ते एवढंच.

"मावशी? मी आहे. मी एका बाईंचा फोन मागितला आहे. तुमच्याकडे एक नंबर आला असेल, तो कृपया वाचा."

"नंबर राहू दे. तुझी सॅक कुठंय?"

"पाठीवर आहे. मावशी, नंबर..."

"खाली ठेव. उघड. तळाशी स्वेटरमध्ये डबा आहे. मी ठेवलाय, तुला न सांगता."

"कसला डबा?"

"अनारसे."

"मावशी!" तिचा आवाज असा फुलला की मला तिथंच मरून जावंसं वाटलं. दिवसभरात इतकं वाईट मला कशाचंच वाटलं नव्हतं.

"खुश होऊ नको गं. त्याला खसखस आहे. ती अफूची असते. दुबईत पकडतात."

"अफू म्हणजे काय?"

काकूंनी फोनपाशी तोंड नेऊन इंग्रजीत एक शब्द सांगितला. मग चेन उघडल्याचा आवाज, कपडे ओढल्याचा आवाज.

"मावशी, झाकण उघडं आहे."

"काय?"

"डब्याचं झाकण. खूप आहेत. लहान लहान. स्वेटरवर आहेत. पुस्तकावर. कोपऱ्यात पण आहेत. आता मी काय करू?"

मला काय माहीत काय करायचं? मी विमानतळ बघितलेला नाही. पण सांडलेली खसखस मला माहीत आहे. ओट्यावर सांडली तर कपड्यानं पुसून जात नाही, पसरते फक्त. माझा आवाज एकदम सरळ झाला, तो कुठून आला देव जाणे.

"ऐक. स्वेटर बाहेर काढ आणि कचऱ्याच्या डब्यावर झटक. बाह्या उलट्या कर. पुस्तक उघडं धरून आपट. रुमाल आहे?"

"आहे."

"पाण्यानं ओला कर, घट्ट पिळ. सॅकच्या कोपऱ्यातून फिरव. शिवणीत दाणा अडकतो, तिथं बोटाला थुंकी लाव आणि एकेक उचल."

"इथे लोक बघत आहेत."

"बघू दे."

मागून एका बाईचा आवाज आला. फोन जिचा होता ती असावी. "अहो, टाकताय काय? घरचे अनारसे दिसतायत. आणा इकडे, मी कुठं दुबईला चाललेय? मला कोण पकडतंय?"

मग कुडकुड चावल्याचा आवाज आला. मी ते ऐकत होते आणि काकू माझ्याकडे बघत होत्या.

"एक दाणा आहे," ती मोजायला लागली, "अजून एक. दोन आहेत. मावशी, हे संपत नाहीत."

"संपतील. उजेडाकडे धर. घाई करू नको."

"बरं." कापड घासल्याचा आवाज आला. "आता दिसत नाही."

"परत एकदा बघ."

"माझी रांग पुढे गेली आहे."

"ताई, माझा फोन द्या हो, मला बोलावतायत," ती बाई म्हणाली. आणि फोन बंद झाला.

वायफायचे आकडे माझ्या हातातच राहिले. तिला वाचून दाखवायचे राहिले. सकाळी दारात जे बोलायचं राहिलं होतं तेही राहिलं. नीट जा, सुखी राहा, असं काहीतरी बाकीचे लोक म्हणतात ना, त्यातलं एक अक्षरही नाही. निरोपादाखल मी तिला काय सांगितलं, तर बोटाला थुंकी लाव.

काकू उठल्या. "बसा. चहा मी करते." गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "वर्षभर मराठी शिकवली पोरीला. समास शिकवले, प्रयोग शिकवले. अफू हा शब्द काही कुणी शिकवला नाही बघा."

चहा प्यायला मला जमला नाही. मी विचारलं, "काकू, उद्यापासून येऊ का मी?"

"का? उद्या सुट्टी आहे का कसली?"

त्या दिवशी साडेपाच वाजले, सहा वाजले. विमान उडालं असेल. मी वारज्याच्या बसमध्ये बसले आणि तिचा फोन दोन्ही हातांत धरून ठेवला. एक दाणा तरी राहिलाच असेल, हे मला दिसत होतं. पुस्तकाच्या शिवणीत, सॅकच्या खालच्या कप्प्यात, चेनच्या दात्यांत. डोळे मिटले की सगळीकडे खसखसच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता तिथं जाऊन झाडू मारतो काय?" थोड्या वेळानं म्हणाला, "होईन बरं." पण त्यालाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे पोचले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "आलं का काही?" मी मान हलवली. पोळ्या केल्या. एकही गोल झाली नाही. साडेदहाला फोन टिणकला. तिनं लिहिलं नव्हतं, बोलून पाठवलं होतं. मी हात धुतले, पदराला पुसले आणि बटण दाबलं.

"मावशी, मी मैत्रिणीच्या घरी आहे. काल इथे उतरल्यावर बॅग मशीनमधून गेली. मग एका माणसाने ती उघडली. त्याने स्वेटर हातात घेतला. तो बघत होता. मग त्याने परत ठेवला आणि मला जायला सांगितलं." इथं ती थांबली. "मावशी, तेव्हा मला तुमचा राग आला. खूप राग आला. मी सांगितलं होतं, मला काही देऊ नका. तुम्ही माझं ऐकलं नाही. आता राग कमी झाला आहे. पण आहे. मी चार खाल्ले. बाकीचे त्या बाईंना दिले. त्या म्हणाल्या, ज्यांनी केले त्यांना सांगा, जाळी फार छान पडली आहे."

मी खुर्चीत बसले. माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळ जण रागावले. पण असं समोर ठेवून, मोजूनमापून, कमी झालाय पण आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो राग मला विश्वासानं दिला, असं मला वाटलं. दुसरीनं तुसडेपणानं 'थँक यू' म्हटलं असतं आणि विषय मिटवला असता.

काकू म्हणाल्या, "बोला आता. गप्प काय बसलात?"

मी बटण दाबलं. "पोरी, चुकलं माझं. राग आहे तोवर राहू दे, मला चालेल." एवढं बोलून सोडायचं होतं. पण अंगठा बटणावरून निघेना. "आणि ऐक. तो ओला रुमाल कुठं टाकलास? सॅकच्या खिशात तर नाही ना? उद्या परत विमानात बसायचंय तुला, तिथून निघताना पण बघतात म्हणे."

काकूंनी कपाळाला हात लावला.

पाव तासानं उत्तर आलं. तिच्या आवाजात आता हसू होतं, पण दमलेलं. "मुंबईतच टाकला, मावशी."

मी ते काकूंना ऐकवलं. मग आत ओट्याशी जाऊन, नळ बंद करून, एकटीनं परत एकदा ऐकलं.